पातळ्या नकोत, चुका दाखवा: शाळेसाठी डिजिटल साधने निवडणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शाळांसाठी टॅबलेट, सॉफ्टवेअर आणि डिजिटल साहित्य निवडणारे, विकत घेणारे आणि त्यांच्या वापराचे अहवाल मागवणारे सर्व अधिकारी, संस्थाचालक व मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

एका वर्गात वेगवेगळ्या तयारीची, वेगवेगळ्या घरभाषांची, कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, वाचताना अडखळणारी आणि धडा शिकवण्याआधीच तो येत असलेली मुले एकत्र बसतात. अशा वर्गात प्रत्येकाला झेपेल असे शिकवायला तंत्रज्ञानाची मदत होते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचा आक्षेप ते ज्या पद्धतीने निवडले आणि मोजले जाते, तिच्यावर आहे. आज बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर मुलांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशा पातळ्यांत बसवते, आणि मुलांनी ते किती मिनिटे वापरले याचा तक्ता वर जातो. शिकवताना या दोन्हींचा आम्हाला जवळजवळ काही उपयोग होत नाही. आम्हाला हवी असते ती एकच माहिती: हे मूल नेमके काय चुकीचे समजून बसले आहे? ती वेळेवर मिळाली आणि त्याप्रमाणे साहित्य बदलण्याची मुभा असली, की पुढचे काम आम्हाला जमते.

दशांश अपूर्णांकांची तुलना घ्या. मुलांना सहा जोड्या द्यायच्या आणि प्रत्येक जोडीतली मोठी संख्या विचारायची. पहिल्या तीन जोड्या: ०.५ आणि ०.३५, ४.७ आणि ४.१८, ०.८ आणि ०.१२५. पुढच्या तीन: ०.४५ आणि ०.३, २.६१ आणि २.५, ०.७३६ आणि ०.७. आता दोन मुलांचा विचार करा. एकाला वाटते, जास्त अंक असलेली संख्या मोठी, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. त्याच्या पहिल्या तिन्ही जोड्या चुकतात आणि पुढच्या तिन्ही बरोबर येतात. दुसऱ्याने ‘दशांश हे शतांशापेक्षा मोठे असतात’ एवढेच धरून ठेवले आहे, म्हणून त्याच्या लेखी कमी अंकांची संख्या मोठी. त्याच्या पहिल्या तीन बरोबर, पुढच्या तीन चूक. दोघांनाही सहापैकी तीन गुण. डॅशबोर्डवर दोघांच्या नावापुढे ५० टक्के दिसतात, दोघेही ‘ब’ पातळीवर जातात आणि दोघांना एकच सराव दिला जातो. खरे तर त्यांच्या समजुती एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एकाला लागणारा धडा दुसऱ्याला दिला, तर त्याचा गैरसमज आणखी पक्का होण्याचाच संभव.

या सहा जोड्यांत ०.६२ आणि ०.३७ अशी सारख्या लांबीची जोडी नाही, ती मुद्दाम टाळली आहे. अशा जोड्या दोन्ही गैरसमजांची मुले बिनचूक सोडवतात. सरावसंचात त्यांचाच भरणा असेल, तर सगळा वर्ग ९० टक्क्यांवर दिसतो आणि कुणाला काय कळलेले नाही ते झाकलेले राहते. साधने निवडताना प्रश्नपेढीत किती हजार प्रश्न आहेत याची जाहिरात पाहू नका. एका घटकाचे दहा प्रश्न उघडा आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या गैरसमजातून येतो ते पुरवठादाराला विचारा. उत्तर देता आले नाही, तर ती प्रश्नपेढी गुण देईल, निदान करणार नाही.

अशी चाचणी साध्या ऑनलाइन फॉर्ममध्ये बनवता येते. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय ठेवावेत: दोन संख्या आणि ‘दोन्ही समान’. सातवा प्रश्न ०.४ आणि ०.४० यांचा घालावा, म्हणजे तिसरा पर्याय कुणाला खरोखर समजला आहे ते कळते. पर्यायांपुढे अ, ब, क ही अक्षरे लिहावीत. नुसते आकडे ठेवले, तर स्प्रेडशीटमध्ये ०.४० चे ०.४ होण्याचा धोका असतो आणि मग मुलाने काय निवडले होते ते ओळखता येत नाही. गुण लगेच दाखवण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर पहिल्या बाकावरची उत्तरे शेवटच्या बाकापर्यंत पोचतात. उत्तरे शीटमध्ये आली की दोन स्तंभ वाढवायचे: पहिल्या तीन जोड्यांतली बरोबर उत्तरे आणि पुढच्या तीन जोड्यांतली बरोबर उत्तरे. त्यावर क्रम लावला की वर्गाचे गट आपोआप दिसू लागतात: ०–३ वाले, ३–० वाले, ३–३ वाले, आणि उरलेले, ज्यांची उत्तरे अंदाजाने दिलेली आहेत किंवा ज्यांच्याशी समोर बसून बोलावे लागेल. उत्तरानुसार पुढचा विभाग उघडणारा फॉर्मही करता येतो, पण गुगल फॉर्म्समध्ये ही सोय एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांना किंवा खाली उघडणाऱ्या यादीला लागू होते, अनेक पर्याय निवडायच्या चौकटींना होत नाही. शिवाय मुले मागे जाऊन उत्तर बदलतात. निदानासाठी आम्ही सरळ, सर्वांना सारखाच फॉर्म चांगला मानतो.

गट कळल्यावर काय द्यायचे, हा खरा शिकवण्याचा भाग. ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ मानणाऱ्यांना अनेकदा घाईने एक युक्ती सांगितली जाते: शेवटी शून्य जोडून दोन्हींची लांबी सारखी करा, ०.५० आणि ०.३५, मग तुलना करा. उत्तरे लगेच बरोबर येतात, पण मूल अजूनही ५० आणि ३५ या पूर्ण संख्यांचीच तुलना करत असते. गैरसमज तसाच राहतो, फक्त आता तो पकडता येत नाही. या गटाला आधी १० × १० चौकटींचा कागद द्यावा, ०.५ साठी ५० घरे आणि ०.३५ साठी ३५ घरे रंगवू द्यावीत, ०.५ म्हणजे पाच पूर्ण रांगा हे डोळ्यांना दिसू द्यावे. शून्याची युक्ती त्यानंतर. या कामाला टॅबलेट लागत नाही. कागदावर घरे रंगवताना मूल मोजते, पडद्यावर मात्र एका स्पर्शात अख्खी रांग रंगते आणि मोजणी निसटते.

दुसऱ्या गटाचे उलट आहे. त्यांना ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये आणखी संख्या असतात हे पाहायचे असते, आणि इथे पडदा कागदापेक्षा सरस ठरतो. जिओजेब्रासारख्या मोफत साधनात संख्यारेषा ताणत जावी: ० ते १, मग ०.३ ते ०.४, तिथे दहा भाग, त्यात ०.३५, पुन्हा ताणून ०.३५ आणि ०.३६ यांच्या मधली जागा. कागदावर हे करायला दर वेळी नवी आकृती काढावी लागते आणि आधीच्या आकृतीशी तिचे नाते मुलाच्या मनात तुटते. कोणत्या गटाला कागद आणि कोणत्या गटाला पडदा हा निर्णय शिक्षकाचा असतो. ‘प्रत्येक तासाला किमान वीस मिनिटे टॅबलेट’ अशी परिपत्रके तो काढून घेतात.

हे गट दोन-तीन तासिकांपुरतेच असावेत. त्यानंतर दोन नवे प्रश्न द्यायचे, एक पहिल्या प्रकारचा, एक दुसऱ्या, आणि गट मोडायचे. पुढच्या घटकाला नव्याने निदान. सॉफ्टवेअरने सत्राच्या सुरुवातीला लावलेली पातळी वर्षभर टिकली, की खालच्या गटातल्या मुलांना सोपेच प्रश्न मिळत राहतात, वर्गात शिकवला जाणारा घटक त्यांच्यापर्यंत येतच नाही, आणि अंतर वाढत जाते. पातळीचा रंग पडद्यावर सगळ्यांना दिसत असेल तर आणखी वाईट. मुलांना तो रंग स्वतःची ओळख वाटू लागतो. किमान रंग, बिल्ले आणि क्रमवारी बंद करता येईल असेच साधन घ्या.

आता ‘मुलाप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या’ सॉफ्टवेअरबद्दल. मुलाच्या चुकीमागची रीत संगणकाला ओळखता येते हे फार जुने ज्ञान आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या चुका अशाच उलगडून दाखवल्या होत्या. ५२ – ३७ चे उत्तर २५ देणारे मूल निष्काळजी नसते. ते प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा करते, ७ मधून २, ५ मधून ३, आणि ही रीत ते कटाक्षाने पाळते. जे सॉफ्टवेअर २५ पाहून फक्त ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ म्हणते, ते या मुलाला २५ च पुन्हा लिहायला लावते. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात, अशी मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत, फक्त अंतिम उत्तर तपासणाऱ्या प्रणालींचा सरासरी परिणाम प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या) ०.३१ पट निघाला. उत्तराच्या पायऱ्या तपासणाऱ्या प्रणालींचा ०.७६, आणि एकेका मुलाला समोर बसवून शिकवणाऱ्या माणसाचा ०.७९. म्हणून खरेदीच्या बैठकीत पहिला प्रश्न हा असावा: हे साधन मुलाच्या पायऱ्या पाहते, की फक्त शेवटचे उत्तर? बाजारातली बरीच साधने दुसऱ्या प्रकारची असतात, आणि माहितीपत्रकात मात्र दोन्हींची भाषा सारखीच असते.

आतले गणितही समजून घ्या, कारण चुका तिथेच शिरतात. यांपैकी अनेक प्रणाली १९९० च्या दशकात अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी मांडलेल्या पद्धतीच्या किंवा तिच्या वंशातल्या आहेत. प्रत्येक कौशल्यासाठी चार संभाव्यता धरल्या जातात: मुलाला ते आधीपासून येत असण्याची, एका सरावात ते शिकण्याची, येत नसताना अंदाजाने बरोबर उत्तर देण्याची, आणि येत असताना चुकण्याची. प्रत्येक उत्तरानंतर, मुलाला ते कौशल्य येत असण्याच्या संभाव्यतेचा अंदाज सुधारतो, आणि तो ०.९५ च्या वर गेला की ‘कौशल्य आले’ असे धरले जाते. पद्धत चांगली आहे. पण तिला मिळणारी उत्तरे त्या मुलाचीच आहेत, प्रश्न त्याला वाचता आला आहे आणि त्याने विचार करून उत्तर दिले आहे, या तीन गोष्टी ती गृहीत धरते. वर्गात तिन्ही मोडतात.

पहिली मोडते ती एकच टॅबलेट अनेकांनी वापरल्यामुळे. आधीच्या तुकडीतल्या मुलाचे खाते उघडेच राहते, पुढचे मूल त्यावर दहा प्रश्न सोडवते आणि दोघांचाही अंदाज बिघडतो. वापरणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक पडद्यावर कायम मोठ्या अक्षरांत दिसला पाहिजे, आणि क्यूआर कोड दाखवून काही सेकंदांत प्रवेश करता आला पाहिजे. लांबलचक पासवर्ड दिले की लहान वर्गात प्रवेशातच तासिकेचा मोठा तुकडा जातो, आणि मग कंटाळून सगळे एकाच खात्यावर काम करू लागतात.

दुसरी मोडते शाब्दिक उदाहरणांत. वाचन कच्चे असलेले किंवा शाळेची भाषा नव्याने शिकणारे मूल गणितात मागे आहे असे सॉफ्टवेअर ठरवते आणि त्याला बेरजेच्या सरावाला पाठवते. याची तपासणी सोपी आहे. सारख्या अवघडपणाची पाच-पाच उदाहरणे घ्यावीत, पाच नुसती लिहिलेली, पाच वाचून दाखवणाऱ्या आवाजासह. आवाजासह उत्तरे स्पष्टपणे सुधारली, तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाही. तशीच राहिली, तर गणित पुन्हा शिकवावे लागेल. प्रत्येक प्रश्नाशेजारी ध्वनीचे बटण नसलेले साधन आमच्या मते मिश्र वर्गासाठी अपुरे आहे.

तिसरी मोडते सूचनांच्या बटणावर. ‘मदत’ तीन-चार वेळा दाबले की शेवटी उत्तरच दिसते, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळते. प्रश्न वाचायलाच दहा सेकंद लागतील तिथे दोन सेकंदांत आलेले उत्तर मोजू नये, आणि शेवटची सूचना पाहून दिलेले उत्तर बरोबर धरू नये. ही नोंद सॉफ्टवेअरकडे असतेच, शिक्षकाला मात्र दाखवली जात नाही. म्हणून करारात लिहून घ्या, की कच्ची नोंद शाळेला साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये मिळेल आणि तिच्यात किमान पाच स्तंभ असतील: विद्यार्थ्याचा सांकेतिक क्रमांक, प्रश्न, निवडलेले किंवा लिहिलेले उत्तर, लागलेला वेळ, वापरलेल्या सूचना. तिसरा स्तंभ सर्वांत महत्त्वाचा. ‘चूक की बरोबर’ एवढेच देणारी फाइल घेऊ नका.

ज्या मुलांना घटक आधीच येतो त्यांच्याकडे फार कमी लक्ष जाते. सॉफ्टवेअर त्यांना त्याच प्रकारचे आणखी वीस प्रश्न देते. नवख्या मुलाला पूर्ण सोडवलेले उदाहरण उपयोगी पडते, पण जाणत्याला तेच उदाहरण अडथळा ठरते. जॉन स्वेलर आणि स्लावा काल्युगा यांच्या संशोधनात हे नीट दिसले आहे. म्हणून एकाच उदाहरणाच्या चार प्रती ठेवाव्यात: पूर्ण सोडवलेली, शेवटची पायरी रिकामी असलेली, शेवटच्या दोन पायऱ्या रिकाम्या असलेली, आणि फक्त प्रश्न असलेली. फाइलच्या प्रती काढणे संगणकावर मिनिटभराचे काम आहे. पुढे गेलेल्यांना पाचवी प्रत द्यावी, जिच्यात एक पायरी मुद्दाम चुकवलेली असते: ती शोधायची आणि ती चूक करणारा कसा विचार करत असेल ते दोन वाक्यांत लिहायचे. हे काम अवघड असते आणि मुलांना ते आवडते.

‘तुमचे मूल डोळ्यांनी शिकते, कानांनी शिकते की हातांनी’ अशी वर्गवारी करून देणारी साधने मात्र घेऊच नका. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेचे पुरावे तपासले. शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणे सुधारते याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. चित्र, ध्वनी आणि कृती ही विषयाप्रमाणे निवडायची असतात. कमी दिसणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाची गरज ही खरी गरज आहे, तिला ‘शैली’च्या रकान्यात टाकू नका.

त्या गरजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरेदीच्या अटींत तिच्यासाठी ‘दिव्यांगस्नेही’ असा एकच शब्द असतो आणि तो तपासला जात नाही. तपासणी अर्ध्या तासात होते. पाठाची पीडीएफ उघडा आणि बोटाने किंवा माउसने एक ओळ निवडून पाहा. ओळ निवडता आली नाही तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी तिथे काहीच लिहिलेले नाही. निवडता आली तर ती कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, युनिकोड या सर्व उपकरणांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीतला नाही, आणि स्क्रीन रीडर तो गोंधळच वाचून दाखवील. पुढे अक्षरे २०० टक्के मोठी करा. वाक्य पडद्याबाहेर जाऊन प्रत्येक ओळीला आडवे सरकवावे लागत असेल, तर कमी दिसणारे मूल दोन परिच्छेदांत थकते. ईपब (ई-पुस्तकाची फाइल) किंवा साध्या वेबपानात मजकूर आपोआप नव्या ओळीवर येतो, म्हणून ते पीडीएफपेक्षा बरे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या तफावतीचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगमता निकषांत आहे आणि ते मोजणारी मोफत साधने आहेत. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे या कसोटीवर हमखास नापास होतात.

मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर किंवा अँड्रॉइडमधला टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, एक प्रश्न सोडवून पाहा. बटणांना नावे आहेत की नुसते ‘बटण, बटण’ ऐकू येते? गणिताची सूत्रे वर्णन न देता चित्र म्हणून टाकली असतील तर ती गाळली जातात. उचलून-ओढून जागेवर टाकायचे प्रश्न न दिसणाऱ्या मुलाला आणि हाताचा ताबा कमी असलेल्या मुलाला सोडवता येत नाहीत, त्यांना स्पर्शाने निवडायचा पर्याय लागतो. वेबच्या त्याच सुगमता निकषांच्या २०२३ च्या आवृत्तीत तो स्पष्टपणे मागितला आहे. वेळेची मर्यादा शिक्षकाला बंद करता आली पाहिजे. चित्रफितींना उपशीर्षके असली पाहिजेत. ती यंत्राने आपोआप केलेली असतील, तर कुणीतरी वाचून सुधारलेली हवीत, कारण यंत्र नेमके पारिभाषिक शब्दांतच चुकते आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलाला तोच शब्द पहिल्यांदा भेटत असतो.

वाचनात अडखळणाऱ्यांसाठी महागडे वेगळे पॅकेज बहुधा लागत नाही. १२ ते १४ पॉइंटचे अक्षर, दीड पट ओळअंतर, डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळी सोडलेली ओळ, आणि मजकूर वाचला जात असताना तो शब्द ठळक होण्याची सोय एवढ्याने बराच फरक पडतो. डिस्लेक्सियासाठी खास म्हणून मिळणाऱ्या फॉन्टने वाचन सुधारते याला भक्कम पुरावा नाही. अक्षरांमधली आणि शब्दांमधली जागा वाढवणे अधिक कामाचे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने एकच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घेणे आता सोपे झाले आहे, आणि त्याबद्दलच्या सूचनाही आम्हाला येऊ लागल्या आहेत. या कामात एक ठरलेली चूक होते. मूळ उताऱ्यात असते: ‘पाणी तापल्यामुळे त्याची वाफ होते. ही वाफ वर गेल्यावर थंड होते, म्हणून तिचे बारीक थेंब बनतात आणि त्यांचे ढग तयार होतात.’ सोप्या उताऱ्यात येते: ‘पाणी तापते. वाफ होते. वाफ वर जाते. वाफ थंड होते. थेंब बनतात. ढग तयार होतात.’ वाक्ये छोटी झाली, पण ‘तापल्यामुळे’ आणि ‘म्हणून’ निघून गेले. ज्या मुलाला कार्यकारणाचा दुवा स्वतः जोडता येत नाही, त्याच्यासाठीच तो काढून टाकला. वाक्याची आणि शब्दाची लांबी मोजणारी वाचनसुलभतेची सूत्रे अशा उताऱ्याला जास्त गुण देतात. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे प्रसिद्ध सूत्रही लांबीच मोजते, आणि ते इंग्रजीसाठी आहे. मराठी उताऱ्याची पातळी त्यावरून ठरवणारे साधन निरुपयोगी समजावे.

यंत्राला सूचना नीट दिली तर बरा मसुदा मिळतो, उदाहरणार्थ: ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘तरी’ हे शब्द काढू नको. पारिभाषिक शब्द तसेच ठेव आणि पहिल्यांदा आल्यावर एका वाक्यात समजाव. नवी माहिती घालू नको. आकडे बदलू नको. मग शिक्षकाने तो मूळ उताऱ्याशेजारी ठेवून वाचायचा, कारण ‘सोपे’ करताना यंत्र आत्मविश्वासाने चुकीचेही लिहिते. तिन्ही उताऱ्यांखालचे प्रश्न आणि आकृती एकच ठेवावी, म्हणजे वर्गातल्या चर्चेत सगळे भाग घेऊ शकतात. तीन उतारे आणि तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका दिल्या, की एका खोलीत तीन वर्ग तयार होतात. मुलांची नावे, आजार किंवा निदान अशा साधनांत कधीही टाकू नये. ‘वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी’ एवढे वर्णन पुरते.

प्रत्येक मुलाला एक टॅबलेट हे लक्ष्य आम्हाला पटत नाही. ४० मुलांच्या वर्गात दहा टॅबलेट पुरतात. ४५ मिनिटांची तासिका असेल तर दहा मिनिटे सर्वांना एकत्र शिकवणे, मग पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन पाळ्या आणि शेवटची पाच मिनिटे एकत्र. एका पाळीत वीस मुले जोडीने टॅबलेटवर, उरलेली वीस कागदावर, आणि शिक्षक कागदाच्या बाजूला, जिथे प्रश्न विचारले जातात. जोडीने सराव चांगला होतो, पण निदान होत नाही, कारण एकच जण उत्तर देतो. निदानासाठी प्लिकर्ससारखी छापील कार्डे वापरता येतात. प्रत्येक मुलाचे कार्ड वेगळे, चार बाजूंना चार पर्याय, मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरते आणि शिक्षकाचा एकच फोन सगळा वर्ग टिपतो. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन केले तर उजेड परावर्तित होऊन ती वाचली जात नाहीत, म्हणून साधा जाड कागद वापरावा, आणि बोटे आकृतीवर येऊ देऊ नयेत.

४८० पी दर्जाची चित्रफीत एका उपकरणाला इंटरनेटचा साधारण १ एमबीपीएस वेग मागते. वीस उपकरणांवर ती एकदम सुरू झाली की २० एमबीपीएस, आणि ते मिळाले तरी घरगुती राऊटर इतक्या जोडण्यांपुढे अडखळतो. साहित्य आधी उतरवून ठेवणे हाच भरवशाचा मार्ग. कोलिब्री हे मोफत व्यासपीठ शाळेतल्या एका संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसवता येते, इंटरनेटशिवाय स्थानिक वायफायवर चालते, आणि त्यात गटाप्रमाणे वेगळे पाठ व चाचण्या नेमता येतात. हेडफोन वायरचे घ्या. एकाच खोलीत दहा ब्लूटूथ हेडफोन जोडताना आवाज कुणाच्याही कानात जातो. चार्जिंगसाठी कुलूप लागणारे कपाट, हवा खेळती राहील असे, आणि त्याची जबाबदारी एका माणसावर, शिक्षकावर नव्हे.

यापेक्षाही जास्त आम्हाला वेळ हवा आहे. वर सांगितलेली चाचणी तपासून गट पाडायला आणि दोन प्रकारचे साहित्य तयार करायला विषयामागे आठवड्याला एक तासिका लागते, आणि ती त्या विषयाच्या शिक्षकांना एकत्र मिळाली तर एकाने केलेले साहित्य सगळ्यांना वापरता येते. साहित्य बदलता येईल अशा स्वरूपात हवे. कुलूपबंद पाठात प्रश्नातला आकडासुद्धा बदलता येत नसेल, तर त्या पाठाने आम्ही कोणत्याच मुलासाठी वेगळे काही करू शकत नाही.

वापराची मिनिटे आणि पूर्ण झालेले पाठ मोजणे कृपया थांबवा. अडकलेल्या मुलाची मिनिटे सर्वांत जास्त भरतात, आणि अंदाजाने बटणे दाबणाऱ्याचे पाठ सर्वांत लवकर संपतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा, एका विषयाच्या एका घटकापुरते, चार ओळींत विचारा: कोणते गैरसमज सापडले, प्रत्येकात किती मुले होती, त्यांना काय दिले, आणि दोन आठवड्यांनी नव्या प्रश्नांवर त्यांतली किती मुले तिथेच राहिली.

पुढच्या खरेदीआधी प्रत्येक साधन एका वर्गात दोन आठवडे वापरून पाहण्याची अट घाला. त्या वर्गात वाचनात अडखळणारे, कमी दिसणारे किंवा कमी ऐकू येणारे, आणि शाळेची भाषा नव्याने शिकणारे किमान एकेक मूल असावे. पंधरा दिवसांनंतर कच्ची नोंद मागा आणि वर्गशिक्षकाला तीन मुलांबद्दल विचारा, त्यांची नेमकी कोणती चूक या साधनामुळे कळली. तिघांपैकी एकाबद्दलही सांगता आले नाही, तर त्या साधनाची मागणी पुढे पाठवू नका.

कळावे.

आपले,
मिश्र क्षमतांच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक